नदी आटवण्याचा बिनचूक आणि कायदेशीर मार्ग

वर्धा नदीच्या खोऱ्यात शेती करणाऱ्या, आणि त्यातही संत्र्याची बाग राखणाऱ्या, माझ्या बांधवांच्या हितासाठी मी या सूचना लिहीत आहे. त्या लिहिण्याची निकड याच आठवड्यात जाणवली. नदीवरील मोटारीचा उपसा तत्काळ बंद करावा, अन्यथा वीजजोडणी तोडून मोटार जप्त करण्यात येईल, अशी नोटीस एका सरकारी कार्यालयाने मला पाठवली आहे. माझ्याकडे उपशाची रीतसर परवानगी आहे आणि भरलेल्या पाणीपट्टीच्या पावत्या आहेत. नोटीस नेमकी मलाच आली याचे कारणही तेच आहे. ज्याचे नाव नोंदवहीत असते, त्यालाच कागद पाठवता येतो.

तेव्हा पहिली सूचना अशी की, नदीतून पाणी घेण्याचा गावंढळपणा सोडा आणि नदीच्या काठाखालून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नद्या, नाले आणि त्यांतले वाहते पाणी शासनाचे आहे. याउलट, ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारे, जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला असतो, असे इंग्रजांनी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उदाहरण देऊन ठेवले आहे. इंग्रज गेले, उदाहरण राहिले. त्यामुळे पाइप पात्रात सोडला तर तुम्ही शासनाचे पाणी घेता, आणि तोच पाइप धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, अलीकडे जमिनीत सोडला तर वाडवडिलांचे. दोन्ही ठिकाणी पाणी एकच असल्याची कुजबुज काही लोक करतात, पण त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

खोलीची चिंता करू नका. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये लागू झाला. त्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानले असून अधिसूचित, म्हणजे शासनाने तसे जाहीर केलेल्या, क्षेत्रात शेतीसाठी ती खोदण्यास मनाई आहे. मात्र कायदा मीटरमध्ये बोलतो आणि बोअर मारणारा गाडीवाला फुटांत बोलतो, त्यामुळे दोघांची गाठ पडण्याचा संभव नाही. ६० मीटर म्हणजे साधारण २०० फूट. आमच्या भागात तेवढ्यावर नुसती भुकटी उडते आणि गाडीवाला ‘मालक, अजून शंभर जाऊ द्या’ असे म्हणू लागतो. गाडी शक्यतो अंधार पडल्यावर बोलवावी आणि तांबडे फुटण्याआधी रवाना करावी. खोदाई करणाऱ्या यंत्रांचीही नोंदणी त्याच कायद्याने सक्तीची केली आहे, ही गोष्ट गाडीवाल्याला सांगून त्याचे मन दुखवू नये.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटर अंतर ठेवण्याची अट १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे. अंतर मोजायला जाताना टेप घरी विसरावा.

विजेची काळजी नको, कारण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल २०२४ पासून शासन भरत आहे. लाइन रात्री येते म्हणून झोपमोड करून घेण्याचेही कारण नाही. ऑटोस्विच बसवा. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, आणि पाणी बागेत जाते की नाल्यात, हे सकाळी चहा घेऊन झाल्यावर पाहता येते.

शेततळे अवश्य घ्या. शेततळे पावसाच्या पाण्याने भरायचे असते असा एक जुना समज आहे. प्रगतिशील शेतकरी त्यात प्लास्टिक अंथरतो, बोअरच्या पाण्याने ते काठोकाठ भरतो, आणि जमिनीच्या पोटात गार राहिलेले पाणी आमच्या वैशाखातल्या उन्हाला अर्पण करतो.

ठिबक लावून पाणी वाचवा आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग लावा.

आता शास्त्राचा थोडा भाग येतो. तो नीट समजून घ्यावा, कारण नदी आटवण्याची खरी किमया त्यातच आहे. आमच्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, आणि तेही बेताचेच. पावसाळ्यात मुरलेले पाणी या थरातून हळूहळू उताराकडे सरकते आणि काठाच्या पाझरांतून पात्रात उतरते. दिवाळीनंतर आमच्या भागात फारसा पाऊस नसतो. तरीही पौष-माघापर्यंत नदी वाहत असे, ती या पाझरावर. म्हणजे पावसाळ्यानंतर नदीचे पाणी म्हणून ज्याची परवानगी मला दिली गेली, ते पाणी आदल्या महिन्यात काठावरच्या शेतांखाली असते. तिथे एका ओळीने बोअर घेतले की ते पात्रापर्यंत पोहोचतच नाही. भूजलाची पातळी पात्राच्या तळाखाली गेली की उलटा प्रवास सुरू होतो आणि नदीत उरलेले पाणीच काठाखाली शिरू लागते. शिवाय आमच्याकडे केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, टाकतात ते फक्त वरच्या भुसभुशीत थरापुरते, त्यामुळे त्याखालच्या भेगांचे पाणी उघड्या बोअरमधून थेट तळाला कोसळते आणि शेजारच्याची जुनी बांधीव विहीर उपसा न करता कोरडी पडते. त्या विहिरीच्या मालकाने मग काय करावे? त्यानेही बोअर मारावा. तो २०० फुटांवर लागला नाही, तर ४०० वर जावे. तिसऱ्याने ६०० वर जावे. पाणी कुठे लागेल ते सांगणाऱ्या पाणाड्याच्या हातावरचा नारळ उभा राहतोच, कारण त्याचे मानधन पाणी लागण्यावर अवलंबून नसते. कर्जही असेच खोल खोल जाते, आणि या शर्यतीत जो सर्वांत शेवटी थांबतो तोच आमच्याकडे कर्तबगार शेतकरी ठरतो. इकडे नदीत दगड दिसू लागले की कार्यालयाला पिण्याच्या पाण्याचे आरक्षण आठवते. ते आठवलेच पाहिजे, माणसांना प्यायला पाणी आधी, यात माझी काडीचीही तक्रार नाही. पण उपसा कोणाचा बंद करायचा? तर ज्याची मोटार काठावर उघडी दिसते त्याचा! मडक्याच्या तोंडाला कुलूप लावायचे आणि बुडाच्या भोकांकडे पाठ करून बसायचे, याला हे लोक पाणी व्यवस्थापन म्हणतात.

मी हे त्या कार्यालयात बोलून दाखवले, तेव्हा मला अत्यंत सभ्य उत्तर मिळाले की, बोअर आमच्या कक्षेत येत नाहीत. शेजाऱ्याने तेच अधिक आपुलकीने समजावले. तो म्हणाला, ‘भाऊ, तुमचं पाणी नदीचं हाय, आमचं त जमिनीतलं हाय.’

भूजलाची पातळी निरीक्षण विहिरींतून वर्षातून चार वेळा मोजली जाते. आकडा खाली गेला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातले वरुड आणि मोर्शी हे तालुके शासनाच्याच मूल्यांकनात अतिशोषित ठरले, म्हणजे वर्षाला जेवढे मुरते त्याहून अधिक उपसले जाते असे सरकारनेच लिहून ठेवले, आणि तरी बोअरच्या गाड्यांना काम कमी पडल्याचे मी ऐकले नाही. २००९ च्या कायद्याचे नियम करायचे होते. त्यांचा मसुदा २०१८ मध्ये आला. पाणलोट क्षेत्रासाठी समिती नेमण्याचीही त्या कायद्यात तरतूद आहे. आपण तिचे सदस्य आहोत की नाही हे कोणी विचारले, तर ‘बहुतेक’ असे सांगावे.

आमच्या या संत्रापट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. खऱ्या कॅलिफोर्नियात २०१४ पर्यंत राज्यभर लागू होणारा भूजल नियमनाचा कायदाच नव्हता, त्यामुळे तोवर हा मान आम्ही सार्थ मिरवला. मग दुष्काळात होरपळून त्यांनी त्या वर्षी कायदा केला, सर्वाधिक उपशाच्या खोऱ्यांना २०४० च्या सुमारास समतोल साधण्याची मुदत घातली, आणि २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने स्कॉट नदीच्या खटल्यात असा निकाल दिला की, ज्या भूजल उपशाने नदीला धक्का पोहोचतो, त्याचा विचार नदीच्या सार्वजनिक हक्कासोबत करावा लागेल. योगायोग असा की आमचा कायदाही त्यांच्याच वर्षी लागू झाला. नाव घ्यायचे असेल, तर पुढचेही घ्यावे.

आता सूचना पुरे झाल्या, कारण थट्टा करण्याची माझी इच्छा संपली आहे. ज्यांनी काठाला लागून बोअर घेतले त्या शेजाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो की, तुम्ही शेजाऱ्याचे पाणी नेत आहात आणि हे तुम्हाला माहीत आहे. नसते, तर गाडी रात्री का बोलावली असती? संत्र्याच्या आंबिया बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याला, पाणी तोडून ताण देऊन झाल्यावर पाणी हवे, हे मलाही कळते, माझीही झाडे आहेत. पण ८०० फुटांवरून काढलेल्या पाण्यावर वाढवलेली बाग पुढच्या उन्हाळ्यात टँकर मागते, आणि टँकर मिळाला नाही की त्याच झाडांवर कुऱ्हाड चालते. हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ग्रामसभेत बोअरच्या नोंदणीचा विषय निघाला, तेव्हा एकाही बागायतदाराने तोंड उघडले नाही. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या तेही गप्प बसले, कारण त्यांच्याही मनात पुढचा बोअर घोळत होता.

आणि कार्यालयातल्या साहेबांनो, पाणी कमी असेल तर माझा उपसा जरूर थांबवा, पण त्याच दिवशी काठालगतच्या बोअरमधला प्रत्येक सबमर्शिबल पंपही थांबवा. पात्राच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा आखा, त्यातला प्रत्येक बोअर नोंदवा, त्याच्या खोलीची आणि उपशाची नोंद ठेवा, आणि टंचाईत कपात करायची तर नदीवाल्याला आणि बोअरवाल्याला सारख्या प्रमाणात करा. हे आमच्या कक्षेत येत नाही, असे पुन्हा सांगू नका. कक्षा तुम्ही आखल्या आहेत, पाण्याने नव्हे. माझ्या नोटिशीवर माझा गट क्रमांक बिनचूक लिहिता येतो, तर शेजारच्या गटाच्या सातबाऱ्यावर बोअरची नोंद करताना तुमचा हात का आखडतो?