डनगॅननची दोन माणसं

दर १ जानेवारीला आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. १८१८ साली भीमा कोरेगावला जे महार सैनिक कंपनीकडून लढले, ते कोण? एक जण 'इंग्रजांचे चाकर' म्हणतो, दुसरा पेशवाईतल्या गळ्यातल्या मडक्याची आठवण देतो, दोघं-तिघं ग्रुप सोडतात आणि संक्रांतीला तिळगुळाच्या फोटोसकट परत येतात. पेशव्यांच्या बाजूने अरब लढत होते, हे मात्र कुणी काढत नाही.

मी हे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये बसून वाचतो. इथे नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म हातात आला: तुम्ही प्रोटेस्टंट समाजातले, कॅथलिक समाजातले, की दोन्हींतले नाही? देव मानता का, असं विचारलं नव्हतं. कुठल्या घरातले, एवढंच. नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून कायद्यानेच ही नोंद ठेवायला लावली आहे. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ स्कॉटिश वंशाचा. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाने अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, वसवलेल्या लोकांपैकी. यांचेच भाऊबंद अमेरिकेत गेले, त्यांना तिथे स्कॉच-आयरिश म्हणतात. हा स्वतःला ब्रिटिश म्हणवतो. घराण्याचा इतिहासच तसा, असं त्याचं म्हणणं. पण त्याच्याच प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी १७९१ मध्ये याच शहरात ब्रिटिश सत्तेविरुद्ध 'युनायटेड आयरिशमन' ही संघटना उभी केली आणि १७९८ च्या उठावात त्यांचा पुढारी हेन्री जॉय मॅक्रॅकन इथेच फासावर गेला. तेव्हा सरकारी चर्च वेगळं होतं, त्याचा दशांश कर यांनाही भरावा लागे, सरकारी पदांतही अडवणूक होई. पुढे लिननच्या गिरण्या आणि जहाजबांधणी साम्राज्याच्या बाजारावर वाढली, डब्लिनच्या संसदेत कॅथलिकांचं बहुमत होईल ही भीती आली, आणि १९१२ मध्ये त्यांचीच पणतवंडं आयर्लंडच्या स्वराज्याच्या विरोधात रांगा लावून सह्या करत होती. रक्त तेच होतं. बाजारभाव बदलला होता, आणि भीतीही.

गेल्या उन्हाळ्यात डनगॅननला गेलो. तिथल्या जुन्या शाळेत कंपनीच्या फौजेतला अधिकारी जॉन निकल्सन याचा पुतळा आहे. पूर्वी तो दिल्लीत काश्मिरी गेटपाशी होता; स्वातंत्र्यानंतर इकडे आणला. १८५७ मध्ये दिल्लीत बायका-मुलांना मारणाऱ्या बंडवाल्यांना जिवंत सोलण्याची मुभा देणारा कायदा करा, असं लिहिणारा हा माणूस याच शाळेत शिकला. आणि त्याच छोट्या गावात १८६७ साली मार्गारेट नोबल जन्मली, म्हणजे आपल्या भगिनी निवेदिता. दोघंही प्रोटेस्टंट घरातली. मी पुतळ्यासमोर बराच वेळ उभा होतो. पाऊस होता, तो इथे असतोच.

कॅथलिकांकडेही हिशेब सरळ नाही. जालियनवाला बागेनंतर डायरची पाठराखण करणारा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर टिपररीच्या कॅथलिक कुटुंबातला. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, त्याच पंजाबात जालंधरला कनॉट रेंजर्स या ब्रिटिश पलटणीच्या आयरिश शिपायांनी आयर्लंडमधल्या ब्रिटिश अत्याचारांच्या निषेधार्थ शस्त्रं खाली ठेवली. त्याच पलटणीतल्या जेम्स डेलीला दगशाईला गोळ्या घातल्या. यातला 'खरा आयरिश' कोण, हे आडनावावरून ठरवून दाखवा.

इथले लोक काही शहाणे होऊन बसलेले नाहीत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मोहल्ल्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत. एकाच शहराला डेरी म्हणायचं की लंडनडेरी, यावरून पाहुण्याची परीक्षा होते (मी 'ते वायव्येकडचं शहर' म्हणून वेळ मारून नेतो). पण १९९८ च्या शांतता करारात एक गोष्ट लिहून ठेवली: इथे जन्मलेल्याने स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं किंवा दोन्ही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. ब्रेक्झिटनंतर माझ्या टेबलशेजाऱ्याने मुकाट्याने आयरिश पासपोर्ट काढला. विमानतळावरची रांग लहान असते, म्हणाला.

जात अशी निवडता येत नाही, म्हणून ही तुलना फार ताणणार नाही. पण ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांनी कुणाची बंदूक धरली याचा जाब दोनशे वर्षांनी मागणं मला पटत नाही. आणि जाब मागायचाच तर सगळ्यांकडे मागा. ग्रुपवर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याचे पणजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. माझे इंग्रजांच्या जी.आय.पी. रेल्वेत. मी हे गेल्या जानेवारीत ग्रुपवर लिहिलं. बारा जणांनी वाचलं, उत्तर एकानेही दिलं नाही.