‘एफ १.२ शिवाय खरा बोके नाही’ म्हणे!

गेले काही दिवस एक पोस्ट सगळ्या फोटोग्राफी ग्रुपवर फिरतेय, मला स्वतःला चार जणांनी पाठवली, त्यातल्या दोघांनी तर "बघ, मी म्हणत होतो ना" असं वर लिहून. पोस्टचं सार असं: एफ नंबर (लेन्स किती उघडते तो आकडा, छोटा म्हणजे जास्त उघडी) जितका छोटा तितका बोके (फोटोत मागचं धूसर होणं) भारी, त्यामुळे एफ १.२ ची मजा १.८ ला कधीच येणार नाही. लेन्समध्ये भोक लहान-मोठं करणारी पाती जितकी जास्त तितका ब्लर लोण्यासारखा. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा छोट्यावर) खरा बोके मिळतच नाही. लेन्स महाग आणि शार्प असली की बोके आपोआप चांगला. आणि शेवटी, परवडत नसेल तर मोबाइलचा पोर्ट्रेट मोड आहेच की, तेच मिळतं. खाली दोन फोटो, मागे लाइटचे गोळे, १.२ वाल्यात मोठे आणि १.८ वाल्यात छोटे. झालं, सिद्ध!

आधी शब्दाचं. आमच्या आईला वाटतं मी दिवसभर मांजरांबद्दल बोलत असतो, बोका-बोके, तिचं काय चुकलं म्हणा. शब्द जपानी आहे, बोके म्हणजे धूसरपणा. इंग्रजीत तो रुळला १९९७ मध्ये, ‘फोटो टेक्निक्स’ मासिकाच्या माइक जॉन्स्टन या संपादकाने त्यावर लेख छापले आणि लोकांनी उच्चार नीट करावा म्हणून स्पेलिंगच्या शेवटी एक एच चिकटवला तेव्हापासून. हे सांगायचं कारण, ही सगळी चर्चा सुरू झाली तीच मुळी ब्लर *कसा* दिसतो यावर, *किती* आहे यावर नाही. आणि पोस्टवाल्याने नेमकी इथेच गल्लत केलीय.

बरं, ‘किती’ याबद्दल तरी पोस्ट बरोबर आहे का? तर अर्धीच. मागचं किती उडणार हे नुसत्या एफ नंबरवर ठरत नाही, लेन्सचं भोक प्रत्यक्षात केवढं आहे त्यावर ठरतं, आणि ते काढायला पाचवीचं गणित पुरतं, फोकल लेंथला (लेन्सवर ५० मिमी, ८५ मिमी असा लिहिलेला आकडा) एफ नंबरने भागायचं. ५० मिमी एफ १.२ म्हणजे साधारण ४२ मिमीचं भोक. ८५ मिमी एफ १.८ म्हणजे ४७ मिमीचं. आता चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवून (८५ वाला थोडा मागे सरकून) दोन्हींनी फोटो काढा, मागे लांब डोंगर किंवा पलीकडच्या रस्त्याचे दिवे असू देत. कुणाचे गोळे मोठे? १.८ वाल्याचे. हो, त्या ‘स्वस्तातल्या’ लेन्सचे. याचं एक मस्त सोपं माप आहे जे मला फार उशिरा कळलं: खूप लांबच्या दिव्याचा गोळा, जिथे फोकस केलाय त्या चेहऱ्याच्या जागी मोजला तर बरोब्बर त्या भोकाएवढाच भरतो. म्हणजे ८५ एफ १.८ ने काढलेल्या फोटोत दूरच्या दिव्याचा गोळा पावणेपाच सेंटीमीटरचा, चेहऱ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. ८५ एफ १.२ ने काढला तर सात सेंटीमीटरचा, जवळपास अर्धा चेहरा. आणि गंमत बघा, ७०-२०० एफ २.८ झूम २०० वर नेली की २०० भागिले २.८ म्हणजे ७१ मिमी, तेच सात सेंटीमीटर! लग्नाचं काम करणाऱ्या बहुतेकांच्या बॅगेत ही झूम पडलेली असते आणि तेच लोक ‘१.२ घ्यायला पाहिजे यार’ म्हणून उसासे टाकतात.

एक गोष्ट मात्र पोस्टच्या बाजूने सांगायलाच हवी. हे सगळं मागचं खूप लांब असेल तेव्हाचं झालं. मागचं जवळ असेल तर हिशोब फिरतो. समजा ८५ ने दीड मीटरवरून चेहरा घेतला आणि मागे एक मीटरवर पडदा आहे, तर एफ १.२ वर पडद्यावरचा ठिपका (चेहऱ्याच्या जागीच मोजला तर) साधारण २८ मिमी एवढा पसरतो. तीच फ्रेम त्या झूमच्या २०० ने घ्यायला तुम्ही मागे साडेतीन मीटरवर जाता आणि तो १६ मिमीच पसरतो. भोक सारखंच, फरक दुपटीच्या जवळ. हॉलमध्ये स्टेजवर खुर्च्यांच्या पाठीला चिकटून फुलांची भिंत असते ना, तिथे १.२ चा खरा उपयोग आहे. कास पठारावर नाही. पोस्टमध्ये मात्र असला काही फरकच नाही, सगळीकडे १.२ च पाहिजे.

आता ‘कसा’. हा मुद्दा मोठा आहे, जरा सांभाळून घ्या.

मी मागच्या महिन्यात दोन लेन्स गच्चीत तपासल्या, ब्रँड मुद्दाम सांगत नाही कारण भांडणं नकोत. एक ८५ एफ १.४, एक ८५ एफ १.८. भाचीला स्टुलावर बसवलं, तिच्या मागे शेजाऱ्यांचं शेवग्याचं झाड. शेवगा बघा, बारीक बारीक पानं आणि त्यांच्या फटींतून आभाळ, लेन्सची परीक्षा घ्यायला याच्याइतकं खडूस झाड नाही. १.४ वाल्या फोटोत ब्लर जास्त होता, पण डोळ्यांना टोचत होता, प्रत्येक पानाला पांढरी कड, एका काडीच्या दोन काड्या झालेल्या, भाचीच्या डोक्यामागे नुसती वळवळ. १.८ वाल्यात ब्लर कमी, पण हिरवा रंग पाण्यात सांडल्यासारखा पसरलेला. भाची म्हणाली "हा छान आहे, त्यात माझ्या डोक्यातून किडे निघतायत." नऊ वर्षांची आहे, एफ नंबर काय ते तिला माहीत नाही.

असं का होतं? काचेच्या मधून येणारे किरण आणि काठावरून येणारे किरण तंतोतंत एकाच जागी जमत नाहीत, याला स्फेरिकल अ‍ॅबरेशन म्हणतात. डिझायनरने ते कितपत आणि कुठल्या बाजूने सुधारलंय यावर गोळ्यातला प्रकाश कसा पसरतो ते ठरतं. प्रकाश मध्ये जास्त आणि काठाकडे विरत गेला तर मागचं एकमेकांत मिसळतं, मऊ दिसतं. उलट प्रकाश काठावर गोळा झाला, म्हणजे अति सुधारणा झाली, तर गोळ्याला साबणाच्या फुग्यासारखी कड येते आणि मग प्रत्येक पान, प्रत्येक काडी, प्रत्येक गवताची पात दोनदा उमटते. जपानी लोक याला निसेन बोके म्हणतात, दोन रेघांचा. मेयर या जर्मन कंपनीची जुनी लेन्स ट्रायोप्लान १०० मिमी एफ २.८ याच फुग्यांसाठी लोक शोधत फिरतात, म्हणजे एकाचा दोष तो दुसऱ्याचा छंद. आणि यातली खोच अशी की जी लेन्स मागचं मऊ करते तीच पुढचं कडक करते, म्हणजे समोर धूसर गजरा किंवा पान धरून फोटो काढायची सवय असेल तर तेही वेगळं बघावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी आहे. तर नाही हो. निकॉनने १०५ एफ २ आणि १३५ एफ २ अशा दोन डीसी लेन्स काढल्या होत्या, डीसी म्हणजे डीफोकस कंट्रोल. त्यावर एक जास्तीची रिंग, एका बाजूला फिरवली की मागचा ब्लर मऊ, दुसऱ्या बाजूला फिरवली की पुढचा. लेन्स तीच, एफ नंबर तोच, भोक तेवढंच, आणि ब्लर वेगळा! छोटा नंबर म्हणजेच चांगला बोके असं असतं तर ही रिंग बसवायला त्यांना काय वेड लागलं होतं का?

अजून पुढचं सांगतो. १९९९ मध्ये मिनोल्टाने १३५ मिमी एफ २.८ एसटीएफ काढली, आत एक खास काच, मध्ये पारदर्शक आणि काठाकडे काळसर होत जाणारी. त्यामुळे गोळ्याची कडच विरघळते. त्यात प्रकाश एवढा अडतो की एफ २.८ ची लेन्स एक्सपोजरला टी ४.५ (टी म्हणजे प्रत्यक्ष पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा) भरते. तरीही बोकेचं नाव निघालं की जाणकार आजही ती लेन्स काढतात. मग फुजीने ५६ एफ १.२ ची अशीच काच असलेली एपीडी आवृत्ती काढली, सोनीने २०१७ ला १०० एफ २.८ एसटीएफ, जिचा प्रकाश टी ५.६, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). आणि कॅननने तर २०१९ ला आरएफ ८५ एफ १.२ मध्येच डीएस कोटिंगवाली (काठाकडे प्रकाश अडवणारा लेप) वेगळी लेन्स काढली, साध्या १.२ पेक्षा महाग आणि प्रकाशाला कमी. विचार करा, कंपनी स्वतःच सांगतेय की आमच्या १.२ चा बोके अजून सुधारायचा असेल तर प्रकाश सोडा आणि वर जास्त पैसे द्या. पोस्टवाल्याच्या हिशोबाने हा उलटा व्यवहार झाला.

पात्यांचं पटकन उरकतो. लेन्स पूर्ण उघडी असते तेव्हा पाती आत सरकलेली असतात, प्रकाशाच्या वाटेत येतच नाहीत, मग ती पाच असोत की अकरा. कॅननच्या जुन्या ५० एफ १.८ टू मध्ये पाच पाती होती, एफ २.८ ला दिवे पंचकोनी दिसायचे हे खरं, तिच्या नंतरच्या एसटीएम आवृत्तीत सात गोलाकार आल्यावर ते सुधारलं हेही खरं. पण एफ १.८ वर दोन्हींचे मधले गोळे गोलच. म्हणजे १.२ वर शूट करा म्हणून सांगायचं आणि त्याच दमात पाती मोजायची, हे म्हणजे दार सताड उघडं ठेवून कुलपाची तारीफ करण्यातला प्रकार.

आणि पूर्ण उघड्या लेन्समध्ये खरी अडचण पात्यांची नसतेच, कोपऱ्यांची असते. मधला गोळा गोल, पण कडेला जाल तसा लिंबासारखा, मांजरीच्या डोळ्यासारखा होत जातो, कारण तिरक्या किरणांना लेन्सची नळीच आडवी येते. (इथे आईचं बरोबर निघालं.) एफ १.२ च्या लेन्सना हे चांगलंच भोगावं लागतं, एक-दोन स्टॉप बंद केली की डोळे परत गोल होतात. हेलिओस ४४-२ या जुन्या रशियन लेन्समध्ये मागचं सगळं भोवऱ्यासारखं फिरतं त्यातही या अर्धवट कापलेल्या गोळ्यांचा मोठा हात आहे. पोस्टमधल्या फोटोत दिवे नेमके फ्रेमच्या मधोमध आहेत, कोपरा दाखवलेलाच नाही, आता मुद्दाम की चुकून ते देव जाणे.

‘शार्प लेन्स म्हणजे चांगला बोके’ हा तर उलटाच प्रकार. शार्पनेस वाढवायला आणि आकार आटोक्यात ठेवायला अ‍ॅस्फेरिकल (पूर्ण गोलाकार वक्र नसलेल्या) काचा घालतात, त्या साच्यात दाबून बनवतात, आणि साच्यावरचे अगदी सूक्ष्म चरे काचेवर उतरले की गोळ्यात वर्तुळात वर्तुळं दिसतात, कांदा आडवा चिरल्यासारखी. आजकाल कंपन्या साचे फार गुळगुळीत करायला लागल्यात त्यामुळे कमी झालंय, पण किंमत बघून ते कळत नाही, गोळा झूम करूनच बघावं लागतं. तसंच ब्लरच्या कडांना मागे हिरवट आणि पुढे जांभळट छटा येते का तेही बघा, पांढऱ्या शर्टावर आणि चांदीच्या दागिन्यांवर लगेच पकडता येतं.

क्रॉप सेन्सरवाल्यांनी रडू नये. फुजीच्या ५६ एफ १.२ चं भोक ४७ मिमी, फुल फ्रेमवरच्या ८५ एफ १.८ चंही ४७. फ्रेम तीच, ब्लर तेवढाच. विषय संपला. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटर, एफ १.८ धरला तरी भोक चार मिमीचं सुद्धा नाही, त्यामुळे पोर्ट्रेट मोडमधला ब्लर बव्हंशी सॉफ्टवेअरने रंगवलेला. नऊवारीतल्या नवरीचा फोटो काढून बघा, नथीचा बाहेरचा मोती नाहीतर कानाजवळची कुरळी बट, दोघांपैकी एक जण हमखास ब्लरमध्ये जातो.

पोस्टमध्ये जे लिहिलंच नाही ते पण सांगतो. ८५ एफ १.२ ने दीड मीटरवरून चेहरा घेतला तर फोकसमध्ये मिळतात जेमतेम दोन सेंटीमीटर. मी भाड्याने आणून प्री-वेडिंगला वापरली होती, मुलीने मान जराशी वळवली की एक डोळा शार्प, दुसरा गेला, आणि घरी येऊन बघितलं तर अर्ध्या फोटोंत शार्प होती ती पापणी किंवा बट. भर उन्हात तर आणखी मजा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची क्षमता) १०० वर एफ १.२ ला शटर हवं १/१६००० च्या पुढे, मेकॅनिकल शटर थांबतं १/८००० ला, म्हणजे प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर आलाच. आणि मिररलेसवर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा यांत्रिक न ठेवता इलेक्ट्रॉनिक करणारी सेटिंग) चालू ठेवून एवढ्या वेगाने काढलंत तर गोळे एका बाजूने चक्क कापले जातात. लोक लेन्सला शिव्या देतात, दोष त्या सेटिंगचा असतो.

तर तुलना करायचीच असेल तर दिव्यांच्या माळेवर करू नका, माळेवर सगळ्याच लेन्स सुंदर दिसतात. चेहरा तेवढाच ठेवा, मागे तीन-चार मीटरवर शेवगा, बांबू, वाळलं गवत असलं काहीतरी कटकटीचं ठेवा, दोन्ही लेन्स एकदा पूर्ण उघड्या आणि एकदा सारख्या एफ नंबरवर चालवा, मग चेहरा सोडून कोपरे बघा.

ज्याने पहिल्यांदा ही पोस्ट पाठवली तो मित्र वर्षाला चाळीसेक लग्नं करतो, सगळी हॉलमध्ये, सगळीकडे तीच फुलांची भिंत खुर्च्यांच्या मागे हातभर अंतरावर. काल त्याचा फोन आला, एवढं सगळं वाचून विचारतो, "मग मी घेऊ की नको?" म्हटलं तू घे, पण आधी एक दिवस भाड्याने आणून त्याच हॉलमध्ये त्याच भिंतीसमोर चालवून बघ, आणि फोकस डोळ्यावर बसतोय का पापणीवर तेवढं तपास.