ग्राफिक्स कार्ड का बसवले नाही, विंडोज ११ का टाकले नाही: आपल्या अभिप्रायाला उत्तर

महोदय,

आपण दुकानाला दोन तारे देऊन लिहिले आहे की, घरचा जुना डेस्कटॉप आम्ही अर्धवट सुधारून परत केला. सोबत आणलेले ग्राफिक्स कार्ड बसवायला नकार दिला, प्रोसेसर तोच ठेवला, एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची एसएसडी) मागितली असताना साधी, केबलने जोडायची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) घातली, विंडोज ११ टाकून दिले नाही, आणि वर आपल्याला सगळे प्रोग्रॅम नव्याने टाकावे लागले, अशा आपल्या तक्रारी आहेत. शेवटी ‘दुकानदाराला काम टाळायचे होते’ असेही आपण म्हटले आहे. हे वाक्य मनाला लागले, कारण या संगणकात काय बदलायचे यापेक्षा काय बदलायचे नाही हे ठरवण्यातच आमचे जास्त श्रम गेले. असाच जुना संगणक घरी असलेले इतरही हे वाचतील, म्हणून प्रत्येक निर्णयामागचे कारण सविस्तर देत आहे.

संगणक आमच्याकडे आला तेव्हा डेस्कटॉप दिसू लागल्यानंतरही बराच वेळ कर्सर फिरत राहत असे. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर प्रोसेसरचा वापर अगदी कमी आणि डिस्कचा रकाना मात्र शंभर टक्क्यांना चिकटलेला. म्हणजे चौथ्या पिढीचा कोअर आय५ रिकामा बसून डिस्कची वाट पाहत होता. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये हवी ती जागा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद लागतात, आणि त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ९ मिलिसेकंद जातात. या हिशेबाने इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना ती सेकंदाला पाऊणशेच्या आसपासच मागण्या पुऱ्या करू शकते, आणि विंडोज सुरू होताना तर अशा मागण्या हजारोंनी येतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे तीच मागणी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर पुरी होते. आपला संगणक आता झटकन सुरू होतो हे आपणही मान्य केले आहे. तो फरक मुख्यतः या एका बदलाचा आहे.

नवा प्रोसेसर घातला असता तर तोही त्याच डिस्कची वाट पाहत बसला असता. शिवाय आपला मदरबोर्ड एच८१ चिपसेटचा, एलजीए ११५० सॉकेटचा आहे, म्हणजे त्याची प्रोसेसर बसवायची जागा जुन्या घडणीची आहे, त्यावर आजचा कोणताही प्रोसेसर बसत नाही. फार तर त्याच पिढीचा आय७ बसेल, आणि तो आता वापरलेलाच मिळतो. त्याचे कोअरही आपल्या आय५ इतकेच, म्हणजे चार; थ्रेड, म्हणजे एका वेळी चालवता येणारी कामे, तेवढे आठ. व्हिडिओ एडिटिंगला त्याचा उपयोग झाला असता, पण आपण सांगितलेल्या कामांसाठी, म्हणजे ब्राउझर, हिशेबाच्या शीट आणि मुलांचे ऑनलाइन वर्ग यांसाठी, त्यावर खर्च करा असे मी कोणालाही सांगणार नाही.

एनव्हीएमईबद्दल आपण जाहिरातीतले सेकंदाला ३,५०० मेगाबाइट आणि आमच्या एसएसडीचे साधारण ५५० मेगाबाइट असे आकडे शेजारी ठेवले आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत, विखुरलेल्या छोट्या फाइली वाचतानाचे नाहीत. शिवाय आपल्या बोर्डवर एनव्हीएमई बसवायची खाच, म्हणजे एम.२ स्लॉटच नाही. कार्डाच्या आधाराने एनव्हीएमई बसवली तरी त्या काळच्या बहुतेक बोर्डांचा बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही. एच८१ वर साटाचे चार पोर्ट असतात आणि त्यांतले दोनच सेकंदाला सहा गिगाबिटचे असतात, उरलेले तीनचे. केबल तीनच्या पोर्टला लागली तरी एसएसडी बिनतक्रार चालते, पण तिचा सलग वाचनाचा वेग अर्ध्यावर येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आपली एसएसडी सहाच्या पोर्टला जोडलेली आहे.

प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागले हा त्रास खरा आहे, आणि तो होणार हे काम हाती घेण्याआधीच आपल्याला सांगितले होते. डिस्क निरोगी असती तर आम्ही ती जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन केली असती. पण तिच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत, वाचता न येणारे, ‘पेंडिंग’ म्हणून नोंदलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) होते. अशी डिस्क क्लोन केली की खराब झालेल्या सिस्टिम फाइलीही नव्या जागी जातात आणि महिन्याभराने विंडोज बंद पडून निळा पडदा दिसला की कारण सापडत नाही. म्हणून आधी आपले फोटो आणि कागदपत्रे काढून घेतली, आणि मगच विंडोज १० कोऱ्या एसएसडीवर टाकले.

आता ग्राफिक्स कार्ड. या मुद्द्यावर मी आजही तसूभर मागे हटणार नाही. आपल्या पॉवर सप्लायवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले आहे, पण त्याच लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले आहेत. बाराला सोळाने गुणले की १९२ वॅट होतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही आपली वीज याच १२ व्होल्टमधून घेतात. आपण आणलेल्या कार्डाला एकट्याला १५० वॅट लागतात आणि प्रोसेसरची मर्यादा ८४ वॅट आहे, म्हणजे बेरीज २३४ झाली. कार्डाला आठ पिनची जोडणी हवी होती, ती या सप्लायला नाहीच. त्यावर आपण सुचवलेला उपाय म्हणजे साटाच्या वायरीवरून आठ पिन काढून देणारा अडॅप्टर. तो बाजारात सहज मिळतो आणि पहिल्या दिवशी चालतोही, पण साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट घ्यायचे असतात आणि आठ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकते. असे कनेक्टर वितळतात. सप्लायच्या जाळीतून टॉर्च मारून आत पाहिले तेव्हा एका कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचा) माथा फुगलेला आणि कडेला तपकिरी पापुद्रा आलेला दिसला. तो मी आपल्यालाही दाखवला होता. मुले ज्या खोलीत बसतात तिथल्या संगणकात अशी जोडणी मी करून देणार नाही, मग ग्राहक नाराज झाला तरी चालेल. सप्लाय बदलायचा आपला विचार होईल तेव्हा कार्ड घेऊन या. कॅबिनेटमध्ये जागा पुरते, हे मोजून पाहिले आहे.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलपुरती ती यादी, काही अपवाद सोडले तर, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते आणि आपला प्रोसेसर २०१३ च्या पिढीतला आहे. रॅम किंवा एसएसडी कितीही चांगली घातली तरी ही अट पुरी होत नाही. तपासणी चुकवून विंडोज ११ टाकण्याची युक्ती आपण व्हिडिओत पाहिलीत, ती चालते. पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावर घरचे बँकेचे व्यवहार होतात त्या संगणकावर ती करणे मला पटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही तितकेच खरे आहे. घरगुती वापरासाठी विस्तारित सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहे आणि सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावरून तिच्यासाठी नोंदणी करता येते. त्यानंतरही हाच संगणक वापरायचा असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर चांगली चालेल.

जुन्या संगणकावर गरजेपेक्षा जास्त खर्च नको, या विचाराने रॅमही सोळाऐवजी आठ जीबीच केली. पुढे बोर्ड आणि प्रोसेसर बदलायची वेळ येईल तेव्हा ही जुन्या प्रकारची डीडीआर३ रॅम नव्या बोर्डवर बसणार नाही, तिची खाचच वेगळ्या जागी असते. एसएसडी मात्र आपल्यासोबत येईल.

एक काम मात्र मी आनंदाने करून देईन. विस्तारित अपडेटची नोंदणी आपल्याला जमत नसेल तर संगणक घेऊन या, ती आम्ही विनामूल्य करून देऊ. दरम्यान परत दिलेली जुनी डिस्क संगणकात पुन्हा जोडू नका. नव्या डिस्कवरचे सर्व फोटो उघडतात याची खात्री होईपर्यंत ती जपून ठेवा. एखादा फोल्डर राहिलेला आढळला तर त्याचे नाव कळवा, म्हणजे डिस्क अजून वाचता येते आहे तोवर आम्ही तो काढून देऊ.

कळावे,
दुकानाचे मालक