पनिशर आणि दळण

एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ गेम पार्लरात 'द पनिशर' आला तेव्हा मी सातवीत होतो. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा खेळ. एक दांडा, दोन बटणं. एक हाणायला, एक उडीला. दोन्ही एकदम दाबली की झकास फिरकी बसते, पण त्यात आपलंही थोडं रक्त आटतं. हे कळेपर्यंत माझे तीन रुपये आटले होते.

बाकी खेळ सोपा. डावीकडून उजवीकडे चालायचं आणि वाटेत येईल त्याला तुडवायचं. रविवारी मंडईत आपण वेगळं काय करतो? समोरच्यांनी बंदुका काढल्या की आपला पनिशर, म्हणजे फ्रँक कॅसलही आपली काढतो, एरवी हाताने भागवतो. हा फ्रँक मार्व्हलच्या कॉमिकमधला, पूर्वीचा अमेरिकी सैनिक. बायकापोरं गुंडांच्या गोळीबारात गेली, तेव्हापासून छातीवर कवटी मिरवत गुन्हेगार संपवत सुटलाय. कोर्ट नाही, कचेरी नाही, चोराला माफी नाही.

आणि अशा माणसाला जिवंत ठेवायला मी दळणातला रुपया ढापत होतो. "गिरणीवाल्याने भाव वाढवलाय," असं मी आईला महिन्यातून दोनदा सांगे. फ्रँकला कळलं असतं तर पहिली गोळी मला. पण त्याआधीच आईने गिरणीत महिन्याचं खातं उघडलं, सुटे पैसे हातात यायचे बंद झाले आणि माझा फ्रँक दुसऱ्या टप्प्यात मेला तो मेलाच.

२०२४ साली कॅपकॉमने मार्व्हलचे सात जुने खेळ एकत्र आणले. सहा समोरासमोरच्या कुस्त्या आणि सातवा हा. मुलाने तो घरी चालू करून दिला. "बाबा, हे बटण दाबलं की नाणं पडतं. कितीही दाबा." एवढं बोलून तो क्लासला गेला. मला गहिवरून आलं.

पंचेचाळिशीत अंगठा तिसऱ्या मिनिटाला दुखायला लागतो. पन्नास गुंड अंगावर आले की चष्मा घसरतो, तो सावरेपर्यंत फ्रँक आडवा. शेजारी आई शेंगा सोलत बसलेली.

"हा चांगला की वाईट?"

"चांगला. म्हणजे, वाईटांना मारतो."

"पोलिसांत का नाही गेला?"

याचं उत्तर कॉमिकवाल्यांनीही १९७४ पासून नीट दिलेलं नाही. मी विषय बदलायला दुसरा गडी दाखवला, डोळ्यावर पट्टी लावलेला निक फ्युरी.

"मोतीबिंदू झालाय वाटतं. थेंब वेळेवर घातले नसतील."

शेवटच्या टप्प्यात गुंडांचा म्होरक्या किंगपिन आला. असा देह की आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्याने मला उचलून आपटलं, पुन्हा आपटलं. माझी नाणी मोजून ४१ झाली होती. तेव्हाच्या हिशेबाने पावणेदोन वर्षांची दळणं.

"त्या खोक्यात रुपया टाकायचास तो ह्याच्यासाठीच ना?" आई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली.

मी गप्प. पडद्यावर फ्रँक पडलेला, आकडे उतरत चाललेले.

"गिरणीवाल्याला मी विचारलं होतं, भाव कधी वाढवलास म्हणून. बिचारा शपथा घेत होता."

पाच. चार.

"अरे बघतोस काय, टाक की रुपया. मरतोय तो!"