चार्जरचे कुलदैवत

जत्रेच्या नाटकाचा तिसरा अंक लिहीत असताना लाईट गेली आणि तिच्या पाठोपाठ माझा लॅपटॉपही गेला. फोंड्याच्या जुलैमध्ये लाईट जाणे ही काही बातमी नव्हे. परंतु बॅटरी नावाची वस्तू माणूस याच प्रसंगासाठी बाळगतो. लाईट आल्यावर पाहिले, तर पडद्याच्या कोपऱ्यात ७ टक्के शिल्लक होते आणि शेजारी लिहिले होते की प्लग जोडलेला आहे, पण चार्जिंग होत नाही. पान वाढले आहे, पाहुणे पाटावर बसले आहेत, परंतु घास काही घेत नाहीत, असा तो प्रकार होता.

पुण्याचा भाचा संगणकाच्याच नोकरीत असल्यामुळे पहिला फोन त्याला केला. "मामा, बॅटरी गेली. माझीही नुकतीच अशीच गेली. बदलून टाका," असा निकाल त्याने मला वाक्य पुरे करू न देताच दिला. बदलण्याचा खर्च ३,५०० रुपये आहे हे ऐकल्यावर माझ्या ठायी संशोधकाची वृत्ती जागी झाली.

सौभाग्यवतींनी त्याच प्लगमध्ये इस्त्री लावून प्लग निर्दोष ठरवला. मग बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणारी सोय चुकून चालू झाली असेल, असे वाटले. पण जी गोष्ट ८० वर थांबवते ती ७ वर कशाला अडवेल? त्यानंतर चार्जर काढून लॅपटॉपचे बटण ३० सेकंद दाबून धरण्याचा विधी आला. हा विधी वाचताना सोपा वाटतो. प्रत्यक्षात अंगठ्याचे नख पांढरे पडते, बाविसाव्या सेकंदाला नाक खाजू लागते आणि मोठ्याने आकडे मोजणारी व्यक्ती कुकरची शिट्टी ऐकून स्वयंपाकघरात गेली, की नक्की कितीवर होतो हे कोणालाच सांगता येत नाही. मी तो तीनदा केला. बॅटरी ७ वरच राहिली.

शेजारच्या काकींच्या मते हे पावसाळी दमटपणाचे काम होते आणि लॅपटॉप दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवायला हवा होता. तांदूळ सुरय चालतील की उकडेच हवेत, यावर थोडी चर्चा झाली. पण सौभाग्यवतींनी डबाच दिला नाही. शेजारचे काका मात्र वायरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मल्टिमीटरच्या दोन सुया पिनेला लावल्या, आकडा साडेएकोणीस व्होल्टवर स्थिर झाला आणि चार्जरला चारित्र्याचा दाखला मिळाला. म्हणजे भाचाच बरोबर, असे कबूल करणे भाग होते.

लॅपटॉप पिशवीत घालून, पिशवीवर रेनकोट घालून आणि स्वतः भिजत बाजारात पोहोचलो, तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. गोव्यात या वेळेला दुकान उघडे मिळण्याची अपेक्षा ठेवणारा माणूस एकतर पर्यटक असतो किंवा माझ्यासारखा नाटककार. साडेतीनपर्यंत मी शटरसमोर बसून तिसऱ्या अंकातील खलनायकाला आणखी दुष्ट केले.

झोपेतून ताजातवाना होऊन आलेल्या मुलाने लॅपटॉपकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने चार्जर उलटा केला, त्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाला, "काका, हो चार्जर तुमचो न्हय."

पुढचे स्पष्टीकरण मला फार आवडले. दोन कंपन्यांच्या पिना दिसायला सारख्या असतात, व्होल्टही तेच. परंतु मध्ये केसासारखी जी बारीक तार असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरला त्याची ओळख विचारतो. मंगेशी किंवा कवळ्याच्या देवळात मुंबईहून आलेल्या भक्ताला एखादे आजोबा आडनाव, मूळ गाव आणि कुलदैवत विचारतात, तसेच हे. उत्तर जुळले नाही, तर माझा लॅपटॉप आलेल्या विजेला ओसरीवर बसवतो, तिच्यावर आपले काम भागवतो, पण आत बॅटरीपर्यंत येऊ देत नाही. त्यामुळे लाईट असेपर्यंत सगळे सुरळीत दिसत होते आणि प्रत्येक वेळी लाईट गेली की बॅटरी थोडी थोडी उतरत होती. "चालू करताना चार्जर ओळखता येत नाही अशी सूचना येत नव्हती काय?" असे त्याने विचारले. सूचना रोज येत होती. मीही ती रोज, न वाचता, एक बटण दाबून घालवत होतो.

चार्जर केव्हा बदलला हे आठवायला वेळ लागला नाही. मे महिन्यात आंबे-फणसांसाठी भाचा आठ दिवस राहून गेला होता आणि दोघांचेही काळे चार्जर दिवाणखान्यातल्या एकाच बोर्डावर नांदत होते. मी दुकानातूनच त्याला फोन केला आणि चार्जरवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने ती वाचली. मग बराच वेळ पलीकडून पुण्याच्या रिक्षांचाच आवाज येत राहिला.

"नवी बॅटरी घातल्यावर तरी चार्ज झाला का रे?" मी विचारले.

"नाही ना. म्हणून काल मदरबोर्ड दुरुस्तीला दिलाय," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "मामा, आईला मात्र सांगू नका."