वणव्यात घ्यावयाची काळजी (स्वतःची)

इंदूरच्या वणवा प्रतिबंधक समितीवर तुमची वर्णी लागली, अभिनंदन! फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा मोसम, तेव्हा आता नेमकं काय करायचं याचा घोर लागला असेल. लावून घेऊ नका. जगातल्या मोठमोठ्या सरकारांनी वाट मळून ठेवली आहे.

सगळ्यात आधी, आग आणि तुम्ही एका गावात असता कामा नये. डिसेंबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया जळत होता आणि पंतप्रधान स्कॉट मॉरिसन सहकुटुंब हवाई बेटांवर होते. तिथूनच त्यांनी रेडिओवर सांगितलं की पाण्याचा पाइप काही मी धरत नाही. खरंच आहे, त्याला माणसं असतात. आपल्याला हवाई परवडत नाही, पण पुण्याला भाचीचं लग्न असतंच.

मग भोंगा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच हवाईतल्या माउई बेटावर लाहायना गाव जळून खाक झालं, १०२ माणसं गेली. बेटावर भोंगे ८०, वाजला एकही नाही. आपत्ती खात्याच्या प्रमुखांचं म्हणणं असं की, भोंगा ऐकून लोकांना त्सुनामी वाटली असती, ते डोंगराकडे पळाले असते, आणि आग तिकडेच होती. पस्तावा होतोय का, असं विचारल्यावर नाही म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला. हा क्रम पाठ करून ठेवा: आधी ठामपणा, मग तब्येत. उलटा केलात तर दोन्ही वाया.

कारणं शोधायची वेळ आलीच तर सगळ्यात स्वस्त कारण उचला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं मेली. ट्रम्पसाहेब पाहणीला आले आणि फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांचा हवाला देऊन म्हणाले, तिथले लोक जंगलात दाताळी फिरवतात, म्हणून त्यांना हा त्रास नाही. त्या राष्ट्राध्यक्षांना आपण असं काही बोलल्याचं आठवेना, आणि फिनलंडची जनता जंगलात दाताळी घेऊन फोटो काढत सुटली. इकडे खरं कारण निघालं विजेच्या मनोऱ्यावरचा एक आकडा, शंभरेक वर्षांचा, झिजून झिजून पातळ झालेला. तो तुटला, तार निखळली, ठिणगी खाली वाळल्या गवतात. पीजी अँड ई या वीज कंपनीने २०२० मध्ये ८४ जणांच्या मृत्यूचा गुन्हा कोर्टात कबूल केला. कंपनीला काही कोठडीत घालता येत नाही, दंडावर भागलं. तो आकडा वेळेवर बदलायला किती खर्च आला असता, असं सभेत कुणी विचारलं तर दाताळ्याचा विषय काढा.

आकडेवारी मात्र टक्क्यांतच द्यायची. २०२४ च्या उन्हाळ्यात उत्तराखंड पेटलेला असताना सुप्रीम कोर्टात सांगण्यात आलं की राज्याच्या वन्यजीव क्षेत्राचा जेमतेम ०.१ टक्का भाग जळतोय. ऐकून चटका बसतो का? नाही ना? मग जमलं. वनखात्याची माणसं निवडणुकीच्या ड्यूटीवर कशी, यावर कोर्टाने कानउघाडणी केली, आणि वरुणराजावर भिस्त ठेवून भागणार नाही असंही सुनावलं. आता कोर्टाला काय, तिथे एसी असतो. पाऊस शेवटी येतोच की.

तुमच्या मोबाईलवर डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे संदेश येऊ लागतील. उपग्रहाला कुठे ऊब दिसली की अक्षांश-रेखांशासकट खबर मिळते. घाबरू नका, लगेच पुढे ढकला. ढकललात की आग पुढच्याच्या गळ्यात.

जनतेला कसं सांभाळायचं, हा प्रश्न इंदुरात मुळीच अवघड नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसात डोंगरउतारावरचे बंगले पेटले, बंबांच्या नळांना पाणी पुरेना, वरच्या अंगाचा ४४ कोटी लिटरचा जलाशय आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला. तेव्हा सुदामानगरातल्या ज्याचा-त्याचा मुलगा कॅलिफोर्नियात. पोह्यांवर शेव घालता घालता सगळ्यांना वाऱ्याची दिशा ठाऊक होती. इथल्याच चोरलच्या घाटात मार्चमध्ये धूर दिसला की मात्र हेच लोक गाडीच्या काचा वर करतात. ही माणसं तुम्हाला काय त्रास देणार?

एप्रिलमध्ये थोडं जपा. मालव्यात गहू निघाला की नरवाई, म्हणजे शेतात उरलेले खुंट, पेटते. तिला वणवा म्हणायचं नाही, ती शेताची साफसफाई. गच्चीवर सकाळी कुरडया घाला आणि दुपारी जाऊन बघा: पांढऱ्या जाळीत नखाएवढी काळी काडं अडकलेली. फुंकर मारा, बोट लावू नका, काजळ पसरतं. (या लेखातला एवढा एकच सल्ला खरा.) शिवाय आपलं शहर २०१७ ते २०२३ स्वच्छतेत पहिलं आलेलं, तेव्हा ही राख देवास जिल्ह्यातलीच असणार. दंड आहे: २ एकरांच्या आत २,५०० रुपये, ५ एकरांपर्यंत ५,०००, वर १५,०००. २०२५ मध्ये तर नरवाई जाळणाऱ्याचे किसान कल्याण योजनेचे पैसे बंद, हमीभावाची खरेदी बंद, असंही जाहीर झालं. हार्वेस्टर मागे खुंट ठेवून जातं, ते काढायला यंत्राचं भाडं आणि डिझेल. काडेपेटी दोन रुपयांना. हा हिशेब समितीत मांडू नका, लोकांना हिशेब पटकन कळतो.

शेवटी पंचनामा करायचा. त्यात नाव लागतं. मोहाच्या झाडाखाली पाचोळा जाळून, पहाटे पडलेली फुलं स्वच्छ जमिनीवरून वेचणारा एखादा भिलाला आदिवासी सापडतोच. त्याने लावलेली आग कधीकधी खरंच पसरते, त्यामुळे खोटं लिहिल्याचं पापही नाही. सिगारेट टाकून गेलेला रविवारचा सहलवाला शोधायला जाऊ नका, तो कुणाचा तरी भाचा निघतो. मोहवाल्याचं नाव, गाव, पाडा नीट लिहून घ्या. पुढच्या वेळी बंब महूच्या रेल्वे फाटकात अडकला की हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला त्यालाच बोलवावं लागतं.