‘सहाही नोझल बदलून टाका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या ट्रकच्या गळक्या इंजेक्टरांविषयीच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांविषयीच्या, माझ्या लेखावर आपण ‘एक जुना मिस्त्री’ या सहीने सविस्तर आणि काहीशी तिखट प्रतिक्रिया लिहिली आहे, त्याबद्दल आधी आभार. आपले मुख्य आक्षेप तीन आहेत. चालू इंजिनावर हाय प्रेशर पाइपचा (पंपाकडून इंजेक्टरला डिझेल नेणाऱ्या पाइपचा) नट सैल करण्याची पद्धत मी सावधगिरीचा एक शब्दही न लिहिता सांगितली. नोझल, म्हणजे इंजेक्टरचे फवारा सोडणारे टोक, गळते एवढे कळल्यावर सहाही नोझल बदलायचे सोडून तपासण्यांत दोन दिवस घालवले. आणि तांब्याचा जुना वायसर (वॉशर) तापवून पुन्हा वापरला, म्हणजे कंजूषपणाची हद्द झाली.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माझ्या गाडीचे इंजिन ६९७ आहे, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. त्यावर जुन्या पद्धतीचा, प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाइपाने डिझेल देणारा इनलाइन पंप आणि २०० बारच्या (बार हे दाबाचे माप) आसपास उघडणारे साधे यांत्रिक इंजेक्टर आहेत. अशा इंजिनावर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) एकेका पाइपचा इंजेक्टरकडचा नट, वर फडके धरून, अर्धा फेरा सैल केला की त्या पाइपात दाब तयारच होत नाही, डिझेल नुसते पाझरते आणि तो सिलिंडर काम करत होता की नाही हे इंजिनाच्या आवाजावरून कळते. हीच युक्ती कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीवर कोणी केली, तर तिथे १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाबाशी गाठ आहे. एवढ्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. वर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. प्रत्यक्षात ती तातडीने शस्त्रक्रिया करावी लागणारी जखम असते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. टेस्टरवर, म्हणजे इंजेक्टर बाहेर काढून तपासायच्या यंत्रावर, फवारा पाहताना नोझलखाली तळहात धरणारे मी स्वतः पाहिले आहेत, आणि तिथले २०० बारही त्यासाठी पुरेसे आहेत. ही सूचना मूळ लेखाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत, आजच घातली आहे.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही, आणि त्याचे कारण मी लेखात एका ओळीत उरकले ही माझीच चूक आहे. या गाडीची सहाही नोझल सहा महिन्यांपूर्वीच बदलली होती. आपण सुचवलेला उपाय एकदा करून झाला होता, आणि तरीही सकाळी डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर, आयडलिंगला मिसिंग (सिलिंडरचा ठोका चुकणे), चढावर काळा धूर आणि डिप स्टिकवर वाढलेली, डिझेलचा वास येणारी ऑइलची पातळी, हे सगळे परत आले होते. धुराचे एक वेळ सोडून देता येईल, पण डिझेलने पातळ झालेल्या ऑइलवर भरलेली गाडी चालवणे म्हणजे बेअरिंगांचा खेळ करणे होय. म्हणूनच गाडी उभी केली आणि या वेळी काही विकत घेण्याआधी नेमके काय गळते आहे ते शोधायचे ठरवले.

‘इंजेक्टर गळतो’ हे आपण सगळेच बोलतो, पण त्या दोन शब्दांत निदान तीन-चार वेगवेगळे बिघाड मावतात. इंजिन धुऊन, वाळवून, थोडा वेळ चालवून पाहिले तेव्हा दुसऱ्या इंजेक्टरच्या, उरलेले डिझेल परत नेणाऱ्या ओव्हरफ्लो पाइपच्या बँजोपाशी (पोकळ बोल्टच्या सांध्यापाशी) स्वच्छ, ओले डिझेल दिसले. पाचव्याच्या बुडाशी ओल अजिबात नव्हती. तिथे डांबरासारखी काळी, चिकट साय जमली होती आणि कान दिला तर फुसफुस ऐकू येत होती. पहिली गळती डिझेलची आहे आणि दुसरी जळलेल्या गॅसची, नोझलशी या दोहोंचाही काही संबंध नाही. नट सैल करून पाहिल्यावर मात्र सर्वांत आजारी निघाला तिसरा सिलिंडर, ज्याच्या भोवती बाहेरून काहीच दिसत नव्हते. तो बंद केला काय आणि चालू ठेवला काय, इंजिनाला पत्ताच नव्हता.

मग तिसरा इंजेक्टर पहिल्याच्या जागी आणि पहिला तिसऱ्याच्या जागी बसवला. दोष इंजेक्टरमध्ये असता तर तो त्याच्याबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला असता. तो गेला नाही, तिसऱ्यावरच राहिला. तरीही आपल्यासारख्या जाणत्याला शंका उरू नये म्हणून सहाही इंजेक्टर टेस्टरवर लावले. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाब १० सेकंद धरून ठेवायचा आणि तेवढ्यात टोकावरून थेंब पडता कामा नये, ही कसोटी सहाही नोझलनी पार केली. चौथ्याचे टोक किंचित ओलसर झाले, पण थेंब सुटला नाही. सुई आणि नोझलचे अंग यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनची असते आणि दोन्ही एकमेकांशी जुळवूनच घासलेली असतात, त्यामुळे इथे थोडा जरी कचरा गेला असता तर टेस्टरने ते लपवले नसते. सहाही इंजेक्टर एकाच वेळी तपासून एकाच दाबाला लावावेत, हे आपले म्हणणे बरोबरच आहे. पण सहाही तपासणे वेगळे आणि सहाही फेकणे वेगळे.

दोष पंपात निघाला. इंजिन बंद ठेवून पंपाच्या तिसऱ्या तोंडावरचा पाइप काढला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या हाताने दाबायच्या पंपाने दाब दिला. सुस्थितीतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून पाइपात डिझेल सोडणारी एकतर्फी झडप) एवढ्याशा दाबाला दाद देत नाही, पण इथे डिझेल हळूहळू वर येत राहिले. पंपवाल्याकडे उघडल्यावर त्या व्हॉल्व्हची सीट आणि कॉलर दोन्ही घासलेल्या दिसल्या. सीट धरत नसेल तर फवारा संपल्यावर पाइपातले डिझेल मागे उतरते आणि पुढच्या वेळी ती रिकामी जागा भरण्यातच पंपाचा ठोका वाया जातो. फवारा उशिरा आणि कमी होतो, आणि पांढरा धूर त्याचाच. कॉलरचे काम याच्या उलट आहे: फवारा संपताक्षणी पाइपातला दाब झटकन थोडा उतरवणे, म्हणजे नोझलची सुई खाडकन बसते. ती झिजली की अगदी नवे कोरे नोझलसुद्धा शेवटी थुंकत राहते. टेस्टरवर निर्दोष आणि इंजिनावर गळके, या कोड्याचे उत्तर ते हेच. झिजण्याचे मूळ टाकीत सापडले, तळाशी गंज आणि पावसाळ्यात साठलेले पाणी होते. टाकी न धुता बसवलेली नवी नोझल आणखी किती दिवस टिकली असती, याचा अंदाज आपणच करावा.

पंपवाल्याकडे मात्र मी आपल्याच मताचा झालो, हे कबूल केले पाहिजे. पाणी सहाही व्हॉल्व्हांतून गेले होते आणि पंप एकदा उघडला की कॅलिब्रेशन (सगळ्या सिलिंडरांना सारखे डिझेल जाईल अशी जुळवणी) पुन्हा करावेच लागते, म्हणून तिथे सहाही डिलिव्हरी व्हॉल्व्ह नवे घातले.

पाचव्या सिलिंडरची गोष्ट छोटी पण चीड आणणारी आहे. इंजेक्टर बाहेर काढल्यावर बुडाशी एकाऐवजी दोन वायसर निघाले. मागच्या वेळी नोझल बदलणाऱ्याने जुना वायसर भोकात चिकटलेला तसाच ठेवून त्यावर नवा बसवला होता. त्यामुळे गॅस निसटत होता ते एक, आणि नोझलचे टोक वायसरच्या जाडीएवढे वर राहिल्यामुळे फवारा पिस्टनच्या वाटीत जिथे पडायला हवा तिथे पडत नव्हता, हे दुसरे. चढावरच्या काळ्या धुराचा मोठा वाटा याच सिलिंडरचा होता, कारण भोक खरवडून साफ करून एकच वायसर बसवल्यावर तो धूर जवळजवळ गेला.

आता तापवलेल्या वायसरविषयी. दाबला गेलेला तांब्याचा वायसर कडक होतो आणि लालबुंद होईपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. वरची काळी पापडी घासून काढली की तो नीट बसतो, ही जुनी आणि खरी रीत आहे. पण मी ती फक्त दुसऱ्या इंजेक्टरच्या ओव्हरफ्लो बँजोवर वापरली, जिथे दाब नसल्यातच जमा असतो. इंजेक्टरच्या बुडाशी मी दर वेळी नवाच, पुस्तिकेत दिलेल्या जाडीचा वायसर घालतो. लेखात मी नुसते ‘वायसर’ असे लिहिले, कोणता ते लिहिले नाही, तेव्हा आपला गैरसमज होणे साहजिक होते. ते वाक्य दुरुस्त केले आहे.

जाता जाता आपण विचारले आहे की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब) पाहिले होते का. इंजेक्टर अदलाबदल करूनही दोष जागचा हलला नाही, तेव्हा पंप किंवा कॉम्प्रेशन हे दोनच संशयित उरत होते, म्हणून पंप उतरवण्यापूर्वी तिसऱ्याचे आणि ताडून पाहण्यासाठी दुसऱ्याचे व चौथ्याचे कॉम्प्रेशन मोजले. तिघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. उरलेले तीन सिलिंडर मोजलेले नाहीत. थंडीत पहिला मिनिटभर अजूनही थोडा पांढरा धूर येतो आणि तो आता इंजेक्टरांचा नसावा असा माझा कयास आहे. गळीत हंगाम सुरू होण्याआधी गाडी आठवडाभर रिकामी असेल, तेव्हा ते तिन्ही मोजून आकडे इथेच लिहीन.